अर्धा आटा मागे

डॉक्टर छाजेडांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला
बाबांचं हृदय काढलं, वांग्याएवढं.
"ही मायट्रल झडप. हिच्या काठाला चुना धरलाय,
घोड्याच्या नालासारखा. म्हणून नीट मिटत नाही,
रक्त उलटं येतं."

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
एकतीस वर्षं नगर निगममध्ये व्हॉल्वमन.
बियाबानीपासून लोधीपुऱ्यापर्यंत
कुठल्या चेंबरचं झाकण कुठल्या कोपऱ्यातून उचलतं
ते त्यांच्या कमरेला अजून पाठ आहे.
"ग्लँड गेलंय का सीट?"

छाजेड हसले नाहीत, हे मला आवडलं.
"सीट," ते म्हणाले.

मग दोघंच बोलत बसले. मी आणि आई
भिंतीवरच्या मिठाच्या तक्त्याकडे बघत राहिलो.
बदलायची की दुरुस्त करायची.
सगळा चुना खरवडला तर मागची भिंत फाटेल.
तसाच ठेवला तर टाका बसत नाही, सुई वाकते.
एकोणऐंशी वय. किडनी अशी, साखर तशी.
"जेवढा सुटेल तेवढाच सोडवू. आणि एक रिंग."
"गंजलेल्याला जोर लावूच नये," बाबा म्हणाले,
"नवीन पोरं सळई घालून फिरवतात, स्पिंडल मोडतं,
मग अख्खी गल्ली चार दिवस टँकरवर."

रिक्षात आई इतकंच बोलली:
मीच दिल्या त्या कॅल्शियमच्या गोळ्या.
रोज. दुधाबरोबर. गुडघ्यांसाठी.
बाबा म्हणाले, पान तर मी सत्तावन्न सालापासून खातोय,
चुना काय तुझ्या एकटीचा आहे?
डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं, त्याचा याच्याशी संबंध नाही.
दोघांनाही ते पटलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांनी मला शिकवलं
जे इतक्या वर्षांत कधी शिकवलं नाही:
व्हॉल्व पूर्ण उघडायचा, अगदी शेवटपर्यंत,
आणि मग अर्धा आटा मागे घ्यायचा.
नाही घेतला तर तो तिथेच धरतो,
आणि पुढच्या माणसाला कळत नाही
उघडा आहे की बंद.
"लक्षात ठेव, इंदे. अर्धा आटा."
शेजारच्या खाटेवरच्या उज्जैनच्या काकांना वाटलं
आम्ही दळणाचं बोलतोय.
"घर का पिसा ही अच्छा," ते म्हणाले, "बाजार का मत लेना."

सहा तास.
मी जिन्यात बसले, फिनेलच्या वासात.
कुणीतरी पोहे आणून दिले, जिरावन वेगळ्या पुडीत.
पोह्यांना हात न लावता मी नुसतं जिरावन चाटत राहिले.
आत त्यांचं हृदय थांबवलेलं होतं,
मुद्दाम.
व्हॉल्वमनच्या मुलीला हे नवं वाटायला नको होतं.
दुरुस्तीच्या दिवशी पाणी बंदच असतं,
आधी सूचना निघते.
निघाली होती. तीन ठिकाणी माझी सही होती.

नळ्या काढल्यावर पहिला शब्द आला तो खरखरत:
"वाजले किती?"
साडेचार, पहाटेचे.
"लोधीपुऱ्याला सुटलं असेल."

थोडी गळती राहिली आहे, छाजेड म्हणाले, किंचित.
"गळत नाही अशी लाइन मी तरी बघितली नाही."

मग त्यांनी बाबांना ती बाटली दाखवली.
चार-पाच कपचे, पिवळट, ज्वारीच्या दाण्याएवढे.
बाबांनी ती कानाशी नेली, हलवली,
पुन्हा एकदा हलवली.
"हे नर्मदेचं नाही," म्हणाले. "बोअरिंगचं आहे."
आई पदरात तोंड घालून हसली की रडली,
मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी नळ आला.
प्रेशर कमी होतं.
मी बादली तिरकी धरली
आणि थांबले.